प्रोटीन सी आणि झिग्रिस : एका औषधाची दहा वर्षं

आयसीयूच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांना सेप्सिसमधली, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीर बेभान प्रतिसाद देतं त्या आजारातली, एक गोष्ट काही केल्या पटत नाही. सकाळच्या राउंडला डॉक्टर सांगतात की रक्त आतल्या आत गोठतंय, त्यामुळे किडनीवर परिणाम झालाय. संध्याकाळी तेच डॉक्टर प्लेटलेट्सच्या पिशव्या आणायला पिटाळतात, कारण नळी घातली तिथून रक्त थांबत नाहीये. मग कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "यांना नक्की कळलंय ना काय झालंय ते?" कळलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

या दुहेरी अवस्थेवर काढलेलं एक औषध होतं, झिग्रिस. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या एलाय लिली कंपनीनं ते बनवलं. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. खास सेप्सिससाठी म्हणून अमेरिकेत मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. त्याचा पाया एका साध्या निरीक्षणावर होता : गंभीर सेप्सिसमध्ये प्रोटीन सी नावाच्या प्रथिनाची रक्तातली पातळी घसरते, आणि ती जितकी खाली जाते तितकी अवयव निकामी होण्याची आणि माणूस दगावण्याची शक्यता वाढते. हे निरीक्षण तेव्हा खरं होतं, आजही आहे. तरीही औषध फसलं. का फसलं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

(जाता जाता : 'गंभीर सेप्सिस' ही वर्गवारी २०१६ च्या नव्या व्याख्येनं मोडीत काढली. अवयवांवर परिणाम झाला असेल तरच आता सेप्सिस म्हणतात. पण या प्रकरणातल्या सगळ्या चाचण्या जुन्या व्याख्येवर झाल्या, म्हणून इथे जुनाच शब्द वापरतोय.)

पातळी घसरते म्हणजे काय होतं

जखम झाली की रक्त गोठलंच पाहिजे. टिश्यू फॅक्टर नावाचा रेणू रक्ताच्या संपर्कात येतो, थ्रॉम्बिन तयार होतं आणि थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनचे धागे विणले जातात. सेप्सिसमध्ये जंतूंच्या माऱ्यामुळे हाच टिश्यू फॅक्टर रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर उगवतो आणि जखम नसताना, शरीरभर, अगदी बारीक केशवाहिन्यांत फायब्रिन साचायला लागतं. मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, त्वचा अशा ठिकाणचा रक्तपुरवठा तुटतो. प्लेटलेट्स आणि गोठवणारे घटक तिथेच खर्ची पडतात, त्यामुळे जिथे खरंच रक्त थांबायला हवं तिथे ते थांबत नाही.

या गोठण्याला लगाम घालणाऱ्या तीन व्यवस्था शरीरात आहेत : अँटिथ्रॉम्बिन, टिश्यू फॅक्टरला रोखणारं एक प्रथिन, आणि प्रोटीन सी. प्रोटीन सी यकृतात बनतं आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी १९७६ मध्ये ते वेगळं काढलं. रक्तात ते निष्क्रिय अवस्थेत फिरत असतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं; थ्रॉम्बिन त्याला येऊन चिकटलं की ते रक्त गोठवायचं सोडून प्रोटीन सीला सक्रिय करतं. सक्रिय झालेलं प्रोटीन सी मग गोठण्याच्या साखळीतले पाचवा आणि आठवा हे दोन घटक तोडून टाकतं. थोडक्यात, गोठणं वाढलं की त्याच्या उत्पादनातूनच त्याला आवर घालणारा तयार होतो. निरोगी माणसात ही व्यवस्था इतकी चोख चालते की तिचा पत्ताही लागत नाही.

सेप्सिसमध्ये ती चारही बाजूंनी कोसळते. यकृत प्रोटीन सी कमी बनवतं. जे आहे ते खर्च होतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधून सुटणारं इलास्टेज नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. गळक्या केशवाहिन्यांतून थोडं बाहेर झिरपतं. प्रोटीन सीचं अर्धायुष्य सहा ते आठ तासांचं असल्यानं ही तूट लगेच दिसते. त्यातून अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिनच गळून पडतं, त्यामुळे उरलंसुरलं प्रोटीन सी सक्रियही होत नाही.

पातळी आधी घसरते की अवयव आधी बिघडतात, हा प्रश्न महत्त्वाचा होता. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं उत्तर मिळालं : गंभीर सेप्सिस किंवा शॉकची (रक्तदाब कोसळण्याची) लक्षणं दिसण्याच्या आधीच प्रोटीन सी खाली यायला लागलेलं होतं. पुढे असंही दिसलं की पहिल्या दिवसात पातळी वर वळते की आणखी खाली जाते, यावरून रुग्ण वाचणार की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पातळी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर चिन्ह वाईट.

ही तपासणी आपल्याकडच्या बहुतेक आयसीयूंत होत नाही. नमुना घ्यायचा निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, ३.२ टक्के सायट्रेट असलेल्या, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडू न देता, म्हणजे रेषेपर्यंत भरून. ट्यूब अर्धवट भरली की गोठण्याचे आकडे खोटे लांबतात, आणि रात्री तीन वाजता अवघड शीर शोधताना ट्यूब अर्धवट भरली जातेच. प्रयोगशाळेत मग एका अमेरिकन सापाच्या विषातला अर्क घालून नमुन्यातलं प्रोटीन सी सक्रिय करतात आणि रंग किती पालटतो ते मोजतात. रुग्ण आधीपासून वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल, किंवा त्याचं लिव्हर आधीच खराब असेल, तर सेप्सिसशिवायही आकडा कमीच येणार. तोवर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) आणि प्लेटलेट्स हातात आलेल्या असतात, आणि उपचार त्यांच्यावर चालतात.

युक्तिवाद इतका भक्कम का वाटला

मेनिंगोकॉकस या जंतूचा सेप्सिस झालेलं मूल ज्यानं पाहिलंय त्याला हा युक्तिवाद, म्हणजे कमी पडलेलं प्रोटीन सी भरून काढलं की माणूस वाचेल, फार समजावून सांगावा लागत नाही. सकाळी पोटरीवर दोन-चार लाल ठिपके असतात, काचेचा पेला दाबून धरला तरी फिके न होणारे. दुपारपर्यंत ते एकमेकांत मिसळून जांभळे चट्टे होतात, मग काळे. बोटांची टोकं गार पडतात. वाचलेल्या मुलांपैकी काहींची बोटं, कधी पायही, नंतर कापावे लागतात. या मुलांच्या रक्तात प्रोटीन सी अत्यंत कमी सापडतं.

आता याच्या शेजारी दुसरा आजार ठेवा. आईवडील दोघांकडून सदोष जनुक घेऊन जन्मलेल्या काही विरळा बाळांत प्रोटीन सी जवळजवळ नसतंच. त्यांना जंतुसंसर्ग नसतो, तरी जन्मानंतर थोड्याच काळात त्वचेवर हुबेहूब तेच काळे चट्टे उठतात. बाहेरून प्रोटीन सी दिलं की ते थांबतात. एकीकडे जंतू आहेत आणि प्रोटीन सी नाही, दुसरीकडे जंतू नाहीत आणि प्रोटीन सीही नाही, आणि त्वचा मात्र दोन्हीकडे सारखीच मरते. कुणालाही वाटेल की दोषी सापडला.

प्राण्यांवरचा पुरावाही हाताशी होता. ओक्लाहोमातल्या फ्लेचर टेलर, चार्ल्स एस्मन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये बबून माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ई. कोलाय जंतूंची मारक मात्रा दिलेली माकडं सक्रिय प्रोटीन सी दिल्यावर वाचली. उलट प्रतिपिंडं देऊन प्रोटीन सीचं काम बंद पाडलं, तर एरवी सोसवली असती अशी मात्राही मारक ठरली. पण एक तपशील तेव्हा फारसा कुणी मनावर घेतला नसावा. या प्रयोगात औषध जंतूंच्या बरोबरीनं मिळत होतं. आयसीयूत पोचणारा रुग्ण घरी दोन दिवस ताप काढून, गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लावून, मग कुठे मोठ्या हॉस्पिटलात येतो.

निष्क्रिय प्रोटीन सी देऊन भागणार नाही, हेही लवकरच कळलं. मेनिंगोकॉकसच्या मुलांच्या त्वचेचे नमुने तपासले तर अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन कमी झालेलं आढळलं. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते नसेल तर बाहेरून दिलेलं प्रोटीन सी सक्रिय करणार कोण? तेव्हा द्यायचं ते आधीच सक्रिय केलेलं. लिलीनं तेच मानवी पेशींच्या संवर्धनात, जनुकीय तंत्रानं बनवलं होतं. त्याचं नाव झिग्रिस.

प्रोवेस

मार्च २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रोवेस नावाच्या चाचणीचे निकाल आले. ११ देश, १६४ केंद्रं, १,६९० रुग्ण. मात्रा होती किलोमागे ताशी २४ मायक्रोग्रॅम, सलग ९६ तास. सत्तर किलोच्या माणसाला हे एकूण १६१ मिलिग्रॅम होतं, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आठ कुप्या संपून नवव्या कुपीला हात लागायचा. अमेरिकेत या एका कोर्सची किंमत सुमारे ६,८०० डॉलर ठरली.

अठ्ठावीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण नुसतं सलाईन मिळालेल्या गटात ३०.८ टक्के होतं, औषधाच्या गटात २४.७ टक्के. म्हणजे साधारण १६ जणांना औषध दिलं की एक जादा जीव वाचणार. गंभीर रक्तस्राव २ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर गेला. डी-डायमर (गुठळ्या विरघळताना रक्तात येणारा अंश) उतरलं, रक्ताभिसरण आणि श्वसन लवकर सावरलं. कित्येक औषधं एकामागून एक फसलेल्या या क्षेत्रात असा निकाल आला म्हटल्यावर आनंद होणं स्वाभाविक होतं. मध्यंतरीच्या तपासणीतच फरक इतका ठळक दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आली.

आता बारकावे पाहू, कारण सगळं प्रकरण त्यांच्यातच दडलेलं आहे.

ज्या रुग्णांची पातळी मोजता आली त्यांच्यापैकी ८७.६ टक्क्यांत प्रोटीन सी कमी होतं. सिद्धांताला हे धरूनच झालं. पण औषधाचा फायदा पातळी कमी असलेल्यांत दिसला तसा कमी नसलेल्यांतही दिसला. हे वाक्य त्या शोधनिबंधात सरळ छापलेलं आहे, आणि ते औषधाच्या बाजूचा मुद्दा म्हणून वाचलं गेलं : बघा, सगळ्यांनाच उपयोग होतो! माझ्या मते ते उलट वाचायला हवं होतं. तूट भरून काढल्यानं माणूस वाचतो असा दावा असेल, तर ज्याला तूटच नाही त्यालाही तितकाच फायदा का व्हावा? एक तर औषध दुसऱ्याच कुठल्या मार्गानं काम करत होतं, किंवा तो फायदा पुरता खरा नव्हता.

दुसरी गोष्ट. चाचणी अर्ध्याच्या जवळ आली असताना प्रवेशाचे निकष बदलले गेले आणि औषध बनवणाऱ्या पेशींचा साठाही बदलला. बदलाआधीच्या ७२० रुग्णांत दोन गटांमधला फरक जेमतेम होता. फायद्याचा मोठा वाटा नंतरच्या रुग्णांतून आला. आणि चाचणी लवकर थांबवली की फायदा आहे त्याहून मोठा दिसण्याचा धोका असतो, हे संख्याशास्त्र शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ज्यांच्या प्लेटलेट्स ३०,००० च्या खाली होत्या त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. रक्तस्रावाच्या भीतीनं, आणि ती भीती रास्तच होती. पण गोठण्यात सगळं खर्ची पडलेले, ज्यांच्यासाठी हा सगळा युक्तिवाद रचला होता, त्यांच्यातले बरेचसे रुग्ण असे दारातूनच परत गेले.

ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीत मतदान झालं. निकाल १० विरुद्ध १०. पुढच्या महिन्यात प्रशासनानं मंजुरी दिली, पण फक्त मृत्यूचा धोका जास्त असलेल्या प्रौढांसाठी, उदाहरणार्थ आजार किती गंभीर ते सांगणारा अपाची गुणांक २५ किंवा त्याहून अधिक असलेल्यांसाठी. फायदा मुख्यतः त्याच गटात दिसला होता. युरोपनं २००२ मध्ये एकापेक्षा जास्त अवयव निकामी झालेल्यांसाठी परवानगी दिली.

वापर आणि विक्री

हाताळायला औषध सोपं नव्हतं. कुठलीही शस्त्रक्रिया किंवा मोठी नळी घालायची तर दोन तास आधी ते बंद करायचं, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बारा तास थांबून पुन्हा सुरू करायचं. पोटात आतडं फुटून सेप्सिस झालेल्या माणसाच्या बाबतीत हे वेळापत्रक सांभाळणं म्हणजे दिवसभर सर्जन आणि आयसीयू यांच्यात फोनाफोनी.

विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. मग जे घडलं त्यावर २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या तीन डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्येच जाहीर टीका केली. कंपनीनं जनसंपर्क संस्थेच्या मदतीनं मोहीम आखली. महागड्या औषधांपासून रुग्ण वंचित राहतात का, यावर विचार करणाऱ्या एका अभ्यासगटाला १८ लाख डॉलर दिले. 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा सुरुवातीचा बहुतांश निधीही याच कंपनीचा होता आणि त्या मोहिमेच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत झिग्रिसचा समावेश होता. त्या सूचनांमधलं बाकी बरंच, वेळेत अँटिबायोटिक, वेळेत सलाईन, हे चांगलंच होतं. त्याचा या औषधावर काय परिणाम झाला ते पुढे येईल.

उतरती कळा

कमी धोका असलेल्या रुग्णांवर ॲड्रेस नावाची चाचणी झाली. ती २००४ मध्ये मधेच थांबवली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती : औषधाच्या गटात १८.५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात १७ टक्के. मुलांवरची रिझॉल्व्ह चाचणी २००५ मध्ये थांबली. मेनिंगोकॉकसच्या ज्या मुलांपासून हा सगळा विचार सुरू झाला होता, त्या वयोगटातही अवयव लवकर सावरल्याचं दिसलं नाही.

युरोपच्या नियामकांनी २००७ मध्ये नवा पुरावा मागितला. प्रोवेस-शॉक ही चाचणी २००८ मध्ये सुरू झाली. या वेळी फक्त सेप्टिक शॉकचे, म्हणजे सगळ्यात आजारी रुग्ण घेतले, जवळपास १,७००. अठ्ठावीस दिवसांचे मृत्यू : औषधाच्या गटात २६.४ टक्के, दुसऱ्यात २४.२. नव्वद दिवसांनीही फरक नाही. प्रोटीन सीची पातळी फारच खाली गेलेल्यांचा वेगळा हिशोब मुद्दाम केला होता. त्यांच्यात २८.७ विरुद्ध ३०.८, म्हणजे योगायोगानंही पडू शकेल इतकाच फरक. २५ ऑक्टोबर २०११ रोजी कंपनीनं औषध मागे घेतलं.

या आकड्यांपैकी एकावर मी पुन्हा पुन्हा अडखळतो. प्रोवेस-शॉकमध्ये औषध न मिळालेल्या, शॉकमध्ये असलेल्या रुग्णांपैकी २४.२ टक्के दगावले. दहा वर्षांपूर्वी प्रोवेसमध्ये औषध मिळालेल्या, तुलनेनं कमी आजारी रुग्णांपैकी २४.७ टक्के दगावले होते. चाचण्या वेगळ्या, देश-केंद्रं वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण मधल्या दहा वर्षांत व्हेंटिलेटरवर फुप्फुसात बेतानं हवा भरायची पद्धत रुळली, अँटिबायोटिक पहिल्या तासात द्यायचा आग्रह धरला जाऊ लागला, शॉक लवकर ओळखला जाऊ लागला. औषधानं जे द्यायचं कबूल केलं होतं ते साध्या, स्वस्त गोष्टी नीट केल्यानं बऱ्याच अंशी मिळालं, असं मला वाटतं. आणि त्या साध्या गोष्टींचा प्रसार करणारी मोहीम औषध कंपनीच्याच पैशानं उभी राहिली होती!

मग पातळीचा अर्थ काय

अवयव निकामी होण्याआधी प्रोटीन सी घसरतं हे खरंच आहे. पण विहिरीचे झरे आटले असताना टँकरनं पाणी ओतलं तर पातळी वर दिसते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली जाते. गंभीर सेप्सिसमध्ये बिघडलेलं असतं ते रक्तवाहिनीचं अस्तर, यकृत, पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया आणि न्यूट्रोफिलांनी बाहेर फेकलेल्या डीएनएच्या जाळ्यांसकट बरंच काही. प्रोटीन सीची पातळी या सगळ्याचा एकत्रित हिशोब सांगते. म्हणून तर ती भाकीत इतकं चांगलं करते, आणि म्हणूनच तो एक आकडा सुधारला म्हणून मागचं काही दुरुस्त होत नाही. जन्मजात प्रोटीन सी नसलेल्या बाळात बाकी सगळं शाबूत असतं, तिथे तूट भरली की काम होतं. त्या बाळांसाठी रक्तद्रवातून काढलेलं प्रोटीन सी आजही वापरात आहे.

इतर दोन लगामांचीही हीच गत झाली. अँटिथ्रॉम्बिनची २,३१४ रुग्णांवरची चाचणी २००१ मध्ये आली : ३८.९ विरुद्ध ३८.७ टक्के मृत्यू. टिश्यू फॅक्टर रोखणारं औषध २००३ मध्ये : ३४.२ विरुद्ध ३३.९. तीन प्रथिनं, तिन्ही सेप्सिसमध्ये कमी पडणारी, तिन्ही बाहेरून देऊन पाहिली. यानंतर 'कमी आहे तर द्या' या विचारावर भरवसा ठेवणं कठीण आहे.

सक्रिय प्रोटीन सीचा एक दुसरा गुणही मधल्या काळात उलगडला. पेशींवरच्या ग्राहक-रेणूंमार्फत (रिसेप्टर) ते दाह आणि पेशींचं मरणं कमी करतं, आणि या कामाचा रक्त पातळ करण्याशी संबंध नाही. उंदरांत, रक्त पातळ करण्याची ताकद जवळपास काढून टाकलेलं प्रोटीन सीदेखील सेप्सिसपासून वाचवतं असं २००७ मध्ये दिसलं. अशा प्रकारचं एक बदललेलं रूप पुढे माणसांवर तपासलं गेलं ते पक्षाघातासाठी.

सेप्सिसमध्ये मात्र धडपड थांबलेली नाही. अस्तरावरून गळून पडणारं थ्रॉम्बोमोड्युलिनच औषध म्हणून जपानमध्ये २००८ पासून वापरलं जातं. त्याची स्कार्लेट ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आयएनआर वाढलेले, अवयव बिघडलेले रुग्ण निवडले होते. मृत्यू २६.८ विरुद्ध २९.४ टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही. नंतर लक्षात आलं की निवड झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंतच्या तासांत साधारण पाचातल्या एकाचं गोठणं निकषांच्या बाहेर गेलं होतं, म्हणजे ज्यासाठी औषध द्यायचं ते कारणच उरलं नव्हतं. त्यांना वगळून हिशोब केला तर फरक पाचेक टक्क्यांचा भरतो. हा हिशोब मागाहून केलेला आहे, आणि त्यात प्रोवेसच्या पहिल्या निकालासारखीच भुरळ आहे. त्याच गटावर, आधी जाहीर करून, नवी चाचणी झाल्याशिवाय त्या पाच टक्क्यांच्या भरवशावर मी तरी कुणाच्या बिछान्याशी हे औषध लावायला सांगणार नाही.